टीव्हीत न मावलेला बाप

जना गेल्याचा फोन सुनंदावहिनींनी स्वतः केला. "मास्तर, हे गेले..." एवढंच म्हणाल्या, आणि मागे टीव्हीचा आवाज येत राहिला, तो बंद करायचं कुणाला सुचलं नसावं. त्याला आता महिना होऊन गेला. जनार्दन, म्हणजे आमचा जना, उरणजवळच्या आमच्या गावातला माझा वर्गमित्र. मी शाळेत मास्तर झालो, त्याने न्हावा शेवा बंदरावर कंटेनरचा ट्रेलर चालवायला धरला, पण दोस्ती शेवटपर्यंत एका बाकावरचीच राहिली.

जनाच्या वडिलांचा घरात एकही फोटो नव्हता. ते मिठागरावर कामाला होते. आम्ही लहान असताना तिथे एका पिक्चरचं शूटिंग झालं. मारामारी आणि हसवाहसवी, असा मसाला. दोघे नायक मिठाच्या ढिगांवरून घसरत पळतात, मागचा गुंड डोक्यावर आपटतो, आणि तेवढ्यात डाव्या कडेने जनाचे वडील डोक्यावर मिठाची टोपली घेऊन जातात. पुढे काही महिन्यांतच ते काविळीने गेले. पिक्चर टॉकीजला लागला तेव्हा अख्खा गाव बघायला गेला. ते पडद्यावर आले तशी जनाची आई पदर तोंडाला लावून बाहेर निघून गेली. जना मात्र बघत राहिला. "बा माझ्याकडं बघून हसला," असं तो मला कितीतरी दिवस सांगत होता.

पुढे गावात व्हिडिओ आले आणि जनाने त्या पिक्चरची कॅसेट मिळवली. चित्र पावसात भिजल्यासारखं, आवाज रांजणात तोंड घालून बोलावं तसा, गुंडाला बसणारे ठोसे म्हणजे गादी झोडपल्यासारखे. त्याचं जनाला काही नव्हतं. पण ढीग आले, गुंड पडला, आणि वडील आलेच नाहीत. त्याने कॅसेट पुन्हा पुन्हा मागे नेली... मग टीव्हीच्या डाव्या कडेबाहेर हवेत बोट ठेवून म्हणाला, "मास्तर, बा हितं हाय." मी त्याला समजावलं, की टॉकीजचा पडदा रुंद, टीव्ही चौकोनी, बसवताना दोन्ही कडा छाटतात. तो म्हणाला, "छाटला, तं टाकला कुठं?"

जना हट्टाला पेटला की पेटला. टीव्हीचं मागचं झाकण काढून आतला स्क्रू फिरवत त्याने चित्र उजवीकडे सरकवलं. डावीकडे नुसती काळी पट्टी आली आणि वहिनींच्या मालिकेतली सासू अर्धीच दिसू लागली. मग मोठा टीव्ही आणला, त्यात तरी बाप मावेल म्हणून. माझं समजावणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. ट्रेलर घेऊन जाईल तिथून तो त्या पिक्चरची सीडी, डीव्हीडी, जे हाताला लागेल ते आणायचा. एक ना धड, भाराभर चिंध्या. प्रत्येकात वडिलांची जागा छाटलेलीच. आम्ही पोरं होतो तेव्हापासून त्याच्यावर हसत आलो होतो, पण मोठ्या टीव्हीपुढे तो पहिल्या दिवशी बसला, तेव्हाचं त्याचं तोंड बघून मला हसता आलं नाही.

गेल्या वर्षी त्याच्या मूत्रपिंडांनी दगा दिला. पनवेलला डायलिसिसच्या खेपा सुरू झाल्या, ट्रेलर सुटला. त्याच सुमारास तो पिक्चर नव्याने साफसूफ करून, पूर्ण रुंदीत, डिस्कवर आल्याचं मला कळलं. मी डिस्क मागवली आणि एका दुपारी त्याच्याकडे गेलो. प्लास्टिकची खुर्ची ओढून तो टीव्हीला चिकटून बसला. पिक्चर सुरू झाला, वरखाली काळे पट्टे दिसले, आणि त्याचा चेहरा उतरला. "ह्यो तं वरून-खालून पण कापलाय." मी म्हटलं, रुंदी पुरी मावायची तर हे पट्टे येणारच, थांब जरा. आवाज असा लख्ख, की मिठावर घसरणाऱ्या पायांची करकर ऐकू येत होती. गुंड पडला. आणि डाव्या कडेने जनाचे वडील आले... हसत नव्हते. उन्हाने डोळे बारीक केलेले, घोट्याला चिंधी बांधलेली, ओठ कोरडे पडलेले. सगळं स्वच्छ दिसत होतं. जनाने काचेवर तळवा ठेवला.

"बा... केवढासा पोरगा हाय रं," तो म्हणाला. साठी ओलांडलेला जना आपल्या तिशीतल्या बापाकडे बघत होता. वहिनी म्हणाल्या, "परत लावा ना, मास्तर." तो म्हणाला, "नको. जाऊ दे त्याला. डोक्यावर वजन हाय."

त्यानंतर तो पिक्चर त्याने कधी लावायला सांगितला नाही.

काशीदला दिलेल्या त्याच्या बहिणीला दाखवावं म्हणून मी तेव्हा टीव्हीसमोर मोबाइल धरला होता. ते रेकॉर्डिंग मी आता रोज बघतो. खिडकीच्या उजेडात पडदा पांढराफटक पडलाय, मीठ कुठलं आणि आभाळ कुठलं कळत नाही, वडील तर दिसतच नाहीत. पंख्याची घरघर आहे. परवा माझी मुलगी फोन हातात घेत म्हणाली, "बाबा, द्या इकडे. ही घरघर काढते आणि बाजूला कुणाचा तरी खांदा मध्ये आलाय, तेवढा छाटून टाकते. नीट दिसेल."

मी फोन तिच्या हातातून काढून घेतला. म्हटलं, छाटू नको. कडेला जना आहे.