माझ्या फाइलीत स्वप्नाचा लॉग

भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. मलकपेठेत जन्मले, तिथेच वाढले. रेसकोर्समागच्या गल्लीत लोकांना म्हणे काय काय दिसतं... मला डासांशिवाय कधी काही दिसलं नाही. त्यामुळे हे वाचून हसायचं असेल तर खुशाल हसा.

स्वप्ना आणि मी एकाच टीममध्ये. तिला या ऑफिसात आणली मीच! आता सर तिच्यावर खूश, कँटीनवाला तिला जास्तीची चटणी वाढतो, आणि माझी सख्खी आई फोनवर आधी विचारते, "स्वप्ना जेवली का गं?" जळफळाट होतो माझा. होतो तर होतो!

त्या दिवशी दोघींना एकच काम होतं. आपापल्या मशीनवर डेटा हलवायचा प्रोग्रॅम चालवायचा आणि तो स्क्रीनवर जे काही ओकेल ते लॉग फाइलमध्ये साठवायचं. जिचा लॉग स्वच्छ, ती टीम लीड. संध्याकाळी टेस्ट सर्व्हर परत जाणार, म्हणजे दुसरी संधी नाही. माझा प्रोग्रॅम अर्ध्यातच आपटला. तिचा शेवटपर्यंत सुरळीत... मेलीचं नशीबच तसं!

दुपारी ती माझ्या टेबलाशी आली — चेहरा पांढराफटक. "अरुणा, मेरा लॉग पूरा उड गया. क्या करूं अब?"

बाईनं सवयीनं आधीचीच कमांड परत चालवली होती. डेटा आधीच हललेला, म्हणून या खेपेला नुसत्या एरर आल्या. त्या कमांडमध्ये फाइलच्या नावाआधी > हे चिन्ह एकदाच. एकदा दिलं की जुनं पुसून नवं लिहिलं जातं. दोनदा दिलं असतं तर खाली जोडलं गेलं असतं. "अय्यो पापम, बिचारी!" मी तोंडानं म्हटलं. मनात मात्र आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या.

ती गेल्यावर मी माझ्या चुका बघायला माझी लॉग फाइल उघडली. आत माझं काहीच नव्हतं. तिच्या मशीनचं नाव, तिचं यूजर नेम, आणि शेवटी — काम पूर्ण, एरर शून्य. आमच्या मशीन वेगळ्या, एकीतून दुसरीत काही जात नाही.

मी लगेच माझी कमांड परत चालवली, एकाच चिन्हानं. पुसलं जायलाच हवं होतं! स्क्रीनवर माझ्या एरर धडाधड येत होत्या... फाइलमध्ये तिचाच लॉग. फाइल डिलीट केली, नवीन नाव दिलं. उघडली तर पुन्हा तिचाच!

तेवढ्यात मागून आवाज आला, "अरे... तू मेरा बचाके रखी?" आणि स्वप्ना गळ्यात पडून रडायलाच लागली. सगळं ऑफिस बघत होतं. मी ती फाइल तिला पाठवून दिली.

आता ती लीड आहे. "अरुणा है बोलके बची मैं," असं भेटेल त्याला सांगते. आईला तर माझा केवढा अभिमान वाटला. सिस्टिमवाल्यांनी दोन्ही मशीन तपासल्या आणि खांदे उडवले.

मला भीती वाटत नाही हो, राग येतो. परतच आणायचं होतं तर तिच्याच मशीनवर आणायचं ना... ते माझ्याच हातून का द्यायला लावलं?