दादाच्या कपाळावरचा टिळा

दादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी शहापूरला घरीच होते, परीक्षेचे पेपर तपासत बसले होते. फोन धाकट्या भावाचा, रमेशचा. "ताई, दादा गेला. कामावरून आला, छातीत दुखतंय बोलला, नि मुरबाडला नेईपर्यंत..." मी विचारलं, "मी येईपर्यंत थांबाल ना रे?" तो म्हणाला, "ये तू." थांबतो असं तो म्हणाला नव्हता, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. किन्हवलीवरून जाणारी एसटी मिळाली, गावच्या फाट्यावर उतरले, तर शेडखाली आसनगावच्या मार्थाबाई नि त्यांच्याबरोबरची दोन-तीन माणसं उभी. दादा दर रविवारी ज्यांच्याकडे प्रार्थनेला जायचा, ती ही मंडळी. मार्थाबाईंच्या हातात प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत बायबल. मी विचारलं, "आत का नाही गेलात?" त्या म्हणाल्या, "गाववाले येऊ नका बोलले. बाय, त्याला नेला त्यांनी. मघाशीच नेला." नदीच्या अंगाला धूर दिसत होता. राब भाजायचे दिवस, भाताची रोपं टाकायच्या जागा सगळीकडे भाजत असतात, त्यामुळे एसटीतून तो धूर दिसूनही मला काही वाटलं नव्हतं.

आमच्याकडे लग्न झालेल्या बहिणीसाठी मयत थांबवतात. ती कुठूनही येवो, बर्फाच्या लाद्या आणून थांबवतात. माझ्यासाठी दोन तास कोणी थांबलं नाही, कारण मी आले तर भांडेन हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्यांचं बरोबरच होतं. मी भांडलेच असते.

या गोष्टीला आता काही आठवडे झाले. राग निवळला की लिही, असं घरचे सांगतात. निवळायची वाट बघत बसले तर माझ्याच्यानं लिहिणं व्हायचं नाही, आणि दादाबद्दल गावानं जे ठरवून टाकलंय तेच खरं होऊन बसेल.

माझा दादा, काशिनाथ, ख्रिस्ती होता. लपूनछपून नव्हता, चांगला सगळ्या गावासमोर होता. मुरबाडच्या एमआयडीसीत कामाला होता, पावसाळ्यात भात लावायचा, वहिनी लग्नानंतर थोड्याच वर्षांत गेली, मूलबाळ नाही. कारखान्यातल्या एका सोबत्याबरोबर तो आसनगावला प्रार्थनेला गेला आणि मग जातच राहिला. कोणी आजार बरा केला नाही, कोणी काही दिलं नाही. हे मुद्दाम लिहिते, कारण गावात अजून चर्चा चालते की त्याला काय मिळालं. मीही त्याला तेच विचारलं होतं, जरा खवचटपणेच. तो म्हणाला, "तिथं मी वाईट हाय असं बोलता येतं गो. आपल्याकं माणसाला सारखं चांगलंच दिसावं लागतं. दमतो माणूस." मी म्हटलं, मग आता नाव काय ठेवणार, पीटर का जॉन? तर हसला आणि म्हणाला, "येशूला काशिनाथ बोलता येतं."

मी स्वतः देव्हाऱ्यासमोर दिवा लावते, गणपतीला उकडीचे मोदक करते, आणि दादाचं सगळंच मला पटत होतं असं नाही. त्याच्या खरेपणाचा त्रासही व्हायचा. आमच्या नव्या घराला माझ्या नवऱ्यानं हौसेनं हिरवा रंग दिला आणि दादाला विचारलं, कसा वाटतो. दादा म्हणाला, "डोळ्याला लागतो रे." मग तोच रविवारची प्रार्थना आटोपून येऊन अंधार पडेपर्यंत शिडीवर चढून तो रंग खरवडत बसला. खरं बोलायचं आणि मग त्याचं ओझंही आपणच उचलायचं, ही त्याची रीत. त्याला धर्माची पुस्तकी भाषा येत नव्हती. प्रेम करा वगैरे त्यानं मला एकदाही सांगितलं नाही, बरं झालं, नाहीतर मी उठून गेले असते.

गावानं त्याला सुरुवातीला समजावलं. गावकीची बैठक झाली, तेव्हा मी माहेरीच होते. एक म्हातारे म्हणाले, "काशिनाथ, मनात कोण ठेवायचा तो ठेव ना. जत्रेला टिळा लाव, नारळ फोड, कोण तुजं मन उघडून बघतंय?" सगळ्यांना ही तडजोड फार शहाणपणाची वाटली. दादा म्हणाला, "मग मी खोटा होईन." एवढंच. आवाज चढवला नाही, कोणाच्या देवाला नाव ठेवलं नाही. त्या वर्षीपासून त्याच्या लावणीला कोणी सावडीनं येईना. सावड म्हणजे आज तुम्ही माझ्या खाचरात राबा, उद्या मी तुमच्या. याची लावणी हा एकटा करायचा, आणि ती उरकली की न बोलावता शेजाऱ्याच्या खाचरात उतरून रोपं लावायला लागायचा. शेजाऱ्यांनी त्याला कधी उठवलं नाही. फुकटचे हात कोणाला नको असतात? त्याचा चहा प्यायला नको, पण त्यानं लावलेला भात गावातल्या निम्म्या घरांनी पोटभर खाल्ला आहे.

आईचं मात्र लिहिलंच पाहिजे, कारण सगळं तिथून सुरू होतं. आई रमेशकडे राहायची. दादा ख्रिस्ती झाल्यापासून ती त्याच्या हातचं पाणी प्यायची नाही. मग ती अंथरुणाला खिळली, पाठीला जखमा झाल्या. रमेश आणि त्याची बायको वाईट माणसं नाहीत, पण त्यांना ते बघवेना. दादा रोज कामावर जायच्या आधी यायचा. आईला कुशीवर वळवायचा, सगळं धुवायचा, पुसायचा, जखमांना मलम लावायचा, लुगडं बदलायचा. आणि आईनं पाणी मागितलं की दाराशी जाऊन रमेशच्या बायकोला हाक मारायचा, "आईला पाणी दे गो." स्वतः तांब्याला हात लावायचा नाही. मी एकदा हे डोळ्यांनी बघितलं आणि माझा पारा चढला. मी आईला म्हणाले, ह्याच्या हातानं तुझं हगणंमुतणं चालतं आणि पाणी चालत नाही? आईनं भिंतीकडे तोंड केलं. दादा मला बाहेर घेऊन गेला. "तिला जे चालतं ते करायचं, बाय. मला जे आवडतं ते करून तिला काय उपेग?" मी म्हटलं, तुला राग येत नाही? म्हणाला, "येतो ना. येताना रस्त्यात येतो. इथं आल्यावर काम असतं."

आई गेली तेव्हा दादानंच तिरडी बांधली, खांदा दिला, लाकडं रचली. पण थोरला मुलगा म्हणून मडकं धरायची वेळ आली तेव्हा त्यानं रमेशला पुढं केलं. "तू धर. तुजा इस्वास हाय. मी खोटा धरून आईला काय पोचणार?" सगळं गाव चडफडलं. रमेशनं मडकं धरलं, अग्नी दिला, आणि त्या दिवसापासून भावाशी कामापुरतं बोलायला लागला. आईची सेवा करणारा मुलगा कोणाला आठवत नाही, अग्नी न देणारा मुलगा सगळ्यांना आठवतो.

आणि दादानं स्वतःचं काय करायचं हेही घरात नि गावात सांगून ठेवलं होतं. गेल्या दिवाळीला मी भाऊबीजेला गेले होते. दोघे भाऊ ओळीनं पाटावर बसले, ओवाळून झालं, फराळ चालला होता. दादा मध्येच म्हणाला, "मी गेलो का मला जाळू नका. वरकसात मोहाच्या झाडाखाली पुरा. वर काय बांधू नका. नाचणी पेरलीत तरी चालंल. नि मार्थाबाईंना तेवढी प्रार्थना करू द्या." वरकस म्हणजे आमची चढावरची जमीन, ती दादाच्या वाट्याची, म्हणजे कोणाच्या खाचराचा प्रश्न नव्हता की स्मशानाचा नव्हता. मी म्हटलं, सणाच्या दिवशी काय हे बोलतोस. रमेशनं होय म्हणून मान हलवली. नीट, दोनदा हलवली. मी समोर बसले होते.

तर मग त्या दिवशी मी घरी पोचले तेव्हा रमेश डोकं भादरून अंगणात बसला होता. त्याच्या फोनवर कोणीतरी काढलेले फोटो होते. दादाच्या कपाळाला गुलाल आणि टिळा, तोंडात तुळशीचं पान. जिवंतपणी ज्या कपाळावर सगळ्या गावाला टिळा लावता आला नाही, तिथं तो हलत नाही म्हटल्यावर लावला. मी रमेशला म्हणाले, "तू मान हलवली होतीस." तो म्हणाला, "ताई, गाव बोललं शेवटी आपलाच हाय, आपल्यात घेऊ. मी कसा नाय बोलू? मला इथंच राहायचंय." बायका माझी समजूत घालायला आल्या. बघ, गावानं सगळं माफ केलं, वाजतगाजत नेला. माफ केलं... कोणी कोणाला माफ करायचं होतं?

दुसऱ्या दिवशी फाट्यावर फ्लेक्स लागला. 'वैकुंठवासी काशिनाथ यांना भावपूर्ण श्रद्धांजली.' फोटो कारखान्याच्या ओळखपत्रावरचा. मूळ फोटोत कपाळ कोरं होतं, मला पक्कं माहीत आहे, मीच तो त्याला काढायला लावला होता. मुरबाडच्या फ्लेक्सवाल्यानं कॉम्प्युटरवर टिळा रंगवून दिला. सांगून रंगवून घेतला असणार. मेलेल्या माणसाला एकदा खोटं पाडून यांचं समाधान झालं नव्हतं.

परत जाताना मार्थाबाईंना भेटायला मी आसनगावला उतरले आणि त्यांच्यावरही तोंडसुख घेतलं. तुम्ही का भांडला नाहीत, पोलीस का नाही आणले? त्या म्हणाल्या, "त्याच्या मयतावर मारामारी झाली असती. त्याला ते चाललं असतं का?" मला त्या दिवशी समजूतदार माणसं अजिबात नको होती. मी त्यांच्याकडचं पाणीसुद्धा न पिता निघाले आणि रिक्षात बसल्यावर माझं मलाच ते बोचलं.

दहाव्याला मी गेले. जायचं नव्हतं, पण गेले. नदीवर पिंड मांडले, बाजूला चहाचा पेला, भजी. कावळे पलीकडच्या झाडावर बसलेले, एकही खाली येईना. भटजी म्हणाले, इच्छा राहिली आहे, बोला कोणीतरी. मग सुरू झालं. एक म्हणाला, "काशिनाथ, तुजी म्हस आमी सांभाळू." दुसरा म्हणाला, "घराचे पत्रे बदलू." रमेश हात जोडून म्हणाला, "दादा, दरसाल तुजं पान वाढू." कोणी कुलदैवताला नेऊ म्हणालं, कोणी अन्नदान करू म्हणालं. ऊन चढत गेलं. सगळ्या घाटावर एक माणूस असा नव्हता ज्याला त्याची इच्छा ठाऊक नव्हती, आणि तेवढी एक सोडून ते त्याला सगळं कबूल करत होते.

मी उठले आणि म्हणाले, "तो पुरा म्हणाला होता. वरकसात. तेवढंच म्हणाला होता." रमेशनं माझ्याकडे बघितलं आणि सगळ्यांसमोर ओरडला, "नि आईला कोण नाय बोलला? आईला त्यानं अग्नी दिला नाय, मी त्याला दिला. मी भाऊ होऊन दिला!" आणि तो गुडघ्यात डोकं घालून रडायला लागला. भटजींनी घड्याळ बघितलं, दर्भाचा कावळा केला आणि पिंडाला शिववला. माणूस खोटा केलाच होता, कावळाही खोटा केला. लोक हातपाय धुऊन जेवायला गेले. मी जेवले नाही.

त्यानंतर मी माहेरी गेलेले नाही आणि रमेशचा फोन उचललेला नाही. तो जे म्हणाला ते मला समजतं, पण समजलं म्हणून राग जातो असं कुठं आहे?

रविवारची मात्र पंचाईत होते. दादा आसनगावची प्रार्थना आटोपली की मला फोन करायचा. कशी आहेस वगैरे नाही, पहिला प्रश्न एकच, "या आठवड्यात कोणावर तापलीस?" मी कधी मुख्याध्यापकांचं नाव सांगायचे, कधी सासूचं, कधी दूधवाल्याचं. सगळी हकिगत सांगायला लागले की तो अडवायचा, "भांडण नको सांगू, नाव सांग नुसतं. पुढचं मी बघतो." पुढचं म्हणजे तो त्या माणसासाठी प्रार्थना करायचा, आठवडाभर. माझ्यासाठी नाही, त्या माणसासाठी. याचाही मला राग यायचा. चूक त्यांची आणि प्रार्थनाही त्यांनाच, हा कुठला न्याय, असं मी त्याला विचारलंय. तो हसायचा आणि फोन ठेवायचा.

गेल्या रविवारी मी ओट्याशी भाजी चिरत होते. फोन जवळ होता, वाजणार नव्हता. घरात कोणी नव्हतं. प्रार्थना मला येत नाही, आणि ज्याला ती येत होती त्याला यांनी जाळून टाकलं. माझा राग तसूभरही कमी झालेला नव्हता, आत्ता लिहितानाही नाही. तरी मी सुरी बाजूला सारली आणि मोठ्यानं म्हणाले, "रमेश."

नाव सांगितलं नुसतं. पुढचं मला येत नाही, दादा.