अकरा मिनिटांचे धडे

लॅपटॉप घ्यायचा ठरला की गल्लीतली माणसं आधी ज्योतिष्याकडे जात. हा ज्योतिषी पत्रिका बघणारा नव्हे. राहत्या घराच्या पुढच्या खोलीत गेली बावीस वर्षं लॅपटॉप दुरुस्त करणारा, चष्मा कपाळावर ढकलून बोलणारा आणि सरळ प्रश्नाला सरळ उत्तर दिलं तर पाप लागेल असं मानणारा एक गृहस्थ. नाव गल्लीनेच ठेवलेलं.

"कुठला घेऊ?" असं कुणी विचारलं की हा हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवायचा.

"आत्ता? आत्ता घेऊच नका. पुढच्या वर्षी येणारा प्रोसेसर बघा. निम्मी वीज खाईल आणि दुप्पट पळेल."

त्याच्याकडे एक निळी वही होती. तीत तारीख घालून भाकितं लिहिलेली. मेमरी बोर्डालाच चिकटून येणार. बॅटरी काढता येणार नाही. जाडी वहीएवढी होणार. भाकीत खरं ठरलं की समोर लाल खूण. मेमरी बोर्डाला चिकटली तेव्हा ती बदलून द्यायचं त्याचं कामच गेलं, पण पठ्ठ्या आठवडाभर खुशीत. स्वतःच्या पोटावर पाय आला तरी भाकीत खरं ठरल्याचा आनंद होणारा माणूस मी तरी दुसरा पाहिला नाही.

सगळ्यांत लाडकं भाकीत पंख्याचं. लॅपटॉपमधला पंखा जाणार, प्रोसेसर इतका थंड डोक्याचा होणार की त्याला वारा घालायची गरजच उरणार नाही. ते खरंही ठरलं, बिनपंख्याचे लॅपटॉप बाजारात आले. पण याचं समाधान कुठलं व्हायला! "पहिली खेप आहे. तापली की मंदावते. पुढची येऊ दे."

ही पुढची खेप जिला खरोखर हवी होती, ती मागच्या खोलीत बसायची. त्याची बायको.

ती निवृत्त शिक्षिका. अंध मुलांच्या शाळेसाठी पाठ्यपुस्तकं वाचून रेकॉर्ड करायची. मुलं तिला नुसतं 'बाई' म्हणत. बाईंचा लॅपटॉप ज्योतिष्याने चार मेलेल्या लॅपटॉपांतून जुळवलेला, आणि त्याचा पंखा सुरू झाला की आवाज थेट रेकॉर्डिंगमध्ये. खिडक्या बंद करून, माइकवर रुमाल टाकून ती वाचायला बसे. साधारण अकराव्या मिनिटाला पंखा घुरघुरू लागे. मग थांबायचं, यंत्र थंड होऊ द्यायचं, खराब झालेला परिच्छेद पुन्हा वाचायचा. तरी तुकड्याच्या शेवटी थोडी घुरघुर आणि पाण्याचा घोट ऐकू येईच. सहा वर्षं तिचे सगळे धडे अकरा-अकरा मिनिटांच्या तुकड्यांत झाले.

"पुढच्या वर्षी तुला असा घेऊन देतो, की टाचणी पडली तर ऐकू येईल," तो दरवर्षी म्हणायचा. मनापासून म्हणायचा, हीच तर अडचण. खोटं बोलत असता तर तिने केव्हाच भांडून घेतला असता.

सातव्या वर्षी तिचा घसा बसला तो सुटेना. डॉक्टरांनी नळी घालून पाहिलं. स्वरयंत्रावर गाठ होती, साधीच, पण काढणं भाग होतं. आवाज परत येईल, मात्र हाच येईल असं सांगता येत नाही, असं ते म्हणाले. शस्त्रक्रिया तीन आठवड्यांनी. तोवर दिवसाला तासाभरापेक्षा जास्त बोलायचं नाही.

दहावीच्या विज्ञानाचे नऊ धडे राहिले होते.

"दुसरं कुणी वाचेल की," तो म्हणाला.

"अर्ध्या पुस्तकात आवाज बदलला तर पोरं म्हणतील, बाई गेल्या. पुस्तक मीच पुरं करणार. पण या तुमच्या पंख्यापायी तेच तेच पुन्हा वाचण्यात निम्मा घसा जातोय."

"दोन महिन्यांत नवा येतोय. तेवढं थांबता आलं..."

"डॉक्टरांना सांगा थांबायला."

दुसऱ्या दिवशी दुपारी दुकानाचं दार लोटून तो मागच्या खोलीत कोपऱ्यात बसला. सहा वर्षांत एकदाही तो असा ऐकायला बसला नव्हता. ती प्रकाशाच्या वक्रीभवनाबद्दल वाचत होती, जपून, शब्द न सांडता. अकराव्या मिनिटाला पंखा घुरघुरला. तिने डोळे मिटले आणि मान खाली घातली. रागावली नाही की सुस्कारा टाकला नाही. तिला सवय झाली होती.

त्याने लॅपटॉप पुढ्यात ओढला. रेकॉर्डिंगला लागतो तरी किती जोर? काहीच नाही. पण प्रोसेसर आपला मध्येच भलत्याच कामासाठी उसळायचा, पूर्ण वेगाने धावायचा आणि तापायचा. एक बाई शांतपणे बोलते आहे, आणि हा शर्यतीत पळतोय. सेटिंगमध्ये जाऊन त्याने वेगाची कमाल मर्यादा निम्म्याच्याही खाली आणली. दहा मिनिटांचं काम. जन्मभर वेगाची भाकितं करणाऱ्याला वेग कमी करायचं सुचलं नव्हतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय!

"वाच आता."

तिने वाचलं. अकरा मिनिटं झाली, वीस झाली. चाळिसाव्या मिनिटाला धडा संपला आणि पंखा हललाही नव्हता.

"हे आधी करता आलं असतं?" तिने विचारलं.

"आलं असतं."

"केव्हा?"

"पहिल्याच दिवशी."

डॉक्टरांनी दिलेल्या तासातली मिनिटं शिल्लक होती, तिने पुढचा धडा उघडला. दोन शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं, असं त्याला कितीतरी दिवस वाटत राहिलं.

शस्त्रक्रियेच्या आदल्या सकाळी नववा धडा संपला. तास भरायला अजून थोडा वेळ होता. "तुम्ही जरा बाहेर जा," म्हणून तिने त्याला घालवलं आणि दार लावून घेतलं.

गाठ निघाली. महिनाभर तोंडातून शब्द काढायचा नाही, असा हुकूम झाला. शाळेतून मुलांचा निरोप आला, 'पुस्तक मिळालं. पण बाई, शेवटच्या धड्यांत तो घुर्र आवाज का नाही? तो आला की आम्हाला कळायचं, आता बाई पाणी पिणार.' बाई आवाज न करता हसल्या. ज्योतिष्याला हसू आलं नाही.

ती घरी आली त्याच्या दुसऱ्या दिवशी एक वाजता तो दुकानात एका गिऱ्हाइकाला पुढच्या वर्षीच्या प्रोसेसरबद्दल सांगत होता. खोड जात नाही ती अशी. तेवढ्यात मागच्या खोलीतून हाक आली. त्या जुन्या, स्वच्छ, जपून बोललेल्या आवाजात.

"अहो, पुढच्या वर्षीचं पुढच्या वर्षी. आधी जेवायला या."

तो धावत आत गेला. ती ताटं मांडून बसली होती, ओठ घट्ट मिटलेले, बोट लॅपटॉपच्या कळीवर. त्याच्याकडे बघत तिने ती कळ पुन्हा एकदा दाबली.