तेजस्वी पडवीत आडवी पडते

हो, माझी सून भरदुपारी पडवीत आडवी पडते. पाय ताणून, सासऱ्यांसमोर. पालेगावात ज्याला जे बोलायचंय ते त्याने माझ्या तोंडावर बोलावं. मी विठा, दिवसभर घरातच असते.

तेजस्वी एमआयडीसीत औषधं पॅक करायच्या कामाला. हसरी पोर, कामाला वाघीण. शिफ्ट संपवून रिक्षातून उतरली की तिची बडबड गल्लीच्या तोंडापासून ऐकू यायची. मग गेल्या वर्षी काय झालं कोण जाणे. छातीत धडधड, तळहाताला घाम, झोप नाही. ताटावर बसली की घास तोंडातच फिरायचा. एकदा भाकरी थापता थापता म्हणाली, "आई, मी कुणाच्या कामाची नाही राहिले." तिच्या सासऱ्यांनी, म्हणजे आमच्या मालकांनी, भगत बोलावला, त्याला मी दारातूनच वाटेला लावलं आणि सुनेला सरकारी दवाखान्यात नेलं.

डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि तिथल्या सुरुची मॅडमनी एक व्यायाम शिकवला. उताणं पडायचं. पायाची बोटं आवळायची, मग सैल सोडायची. मग पोटऱ्या, मांड्या, मुठी, खांदे, शेवटी जबडा. श्वास सावकाश. मॅडम म्हणाल्या, टेन्शन अंगात ताठून बसतं, अंग सोडायला शिकलं की मनही थोडं थोडं सोडतं. पण रोज करायचं, बरं वाटलं तरी करायचं.

आतल्या खोलीत दार लावलं की तिचा जीव गुदमरायचा, म्हणून पडवीत चटई टाकली. हळूहळू फरक दिसायला लागला. झोप लागू लागली, जेवण जाऊ लागलं. एकदा तर तिने माझी नक्कल केली, ती पण माझ्यासमोर. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू.

मग एक दिवस शेजारची जनू ताक मागायला आली. बघते तर तेजस्वी दाराकडे पाय करून उताणी, डोळे मिटलेले, हालचाल नाही. जनूने ऊर बडवायलाच घेतलं. "गेली गं पोर." आळी गोळा झाली. कुणीतरी घाईघाईत तुळशीचं पान पण तोडलं. तेजस्वी उठून बसली तेव्हा जनूलाच भोवळ आली. मला हसू आवरेना. आमचे मालक मात्र हसले नाहीत. कोंडाजी. हो, नवऱ्याचं नाव घेतलं मी. "दारात मढ्यासारखी पडते, सुनेला शोभतं का हे," म्हणाले. "आजपासून बंद."

बिचारीने ऐकलं. आठवडा सरतो न सरतो तोच धडधड परत सुरू. हातातून कळशी निसटली आणि ती तिथंच ओल्या फरशीवर बसून राहिली. अभिजीत, माझा मुलगा, बापापुढे तोंड उघडेना. मला येऊन विचारतो, "आई, हिला काही दिवस बदलापूरला माहेरी पाठवू का?" काही दिवस म्हणजे काय ते मला चांगलं कळतं. डोक्यात तिडीकच गेली. पोर या घरात आजारी पडली, ती याच घरात बरी होईल.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी पडवीत दोन चटया टाकल्या. "तू सांग, मी करते," म्हटलं. बाळंतपणं सोडली तर या घरात दिवसाउजेडी मी कधी पाठ टेकली नव्हती. तेजस्वी हळू आवाजात सांगत होती. पायाची बोटं जमली, मुठी जमल्या.

"आता जबडा सैल सोडा, आई."

सुटेना. दात दातांवर घट्ट बसलेले, लग्न झाल्यापासूनच असतील. सुटले तेव्हा डोळ्यांतलं पाणी वाहत कानात गेलं.

तेवढ्यात अंगणात चपला वाजल्या. मालक आले होते आणि त्यांच्या मागे जनू. तेजस्वी दचकून उठायला लागली, मी तिचं मनगट धरून ठेवलं.

"विठे, ऊठ," मालक म्हणाले.

या आवाजावर मी जन्मभर उठत आले. खांदे आपोआप आवळले गेले. शेजारून तेजस्वी पुटपुटली, "सोडा, आई."

सोडले.

"दोघी जिवंत आहोत," डोळे न उघडताच मी म्हटलं. "अजून एकदा पायापासून करायचंय. चहा गॅसवर आहे, गाळून घ्या."