चुकीचे रोडगे

माझ्या हातच्या रोडग्यांचं वलगावात आज मोठं नाव आहे. ते ऐकायला मला आवडतं, खोटं कशाला सांगू? पण ते रोडगे मी शोधून काढलेले नाहीत. माझ्या हातून एक घोळ झाला आणि तो मला निस्तरता आला नाही, त्यातून ते झाले.

तेव्हा माझं लग्न होऊन चार वर्षं झाली होती. सातासमुद्रापार कुठेशी लढाई जुंपली होती म्हणे, आणि तिच्यापायी इकडे आमच्या वऱ्हाडच्या कापसाला भलताच मान आला होता. जो तो कापूस पेरत सुटला. ज्वारीची वावरंसुद्धा पांढरी झाली. ज्वारी कमी म्हणून कडबा कमी, कडबा कमी म्हणून म्हशी आटलेल्या. घरोघरी चांदीचे तोडे आले आणि तांब्याभर दूध मात्र दिसेना. माणसांचंही तसंच. बैल, गाड्या, गडी, सगळे कापसाच्या मागे. सुनेला माहेरी पोचवायला कोणाला सवड होती? दोन वर्षं मी अकोल्याचं तोंड पाहिलं नव्हतं. त्यात त्या पौषाआधी माझ्या धाकट्या भावाचं लग्न ठरलं.

मी सासूबाईंना विचारलं. आमच्याकडे सासूला आत्याबाई म्हणतात आणि सासऱ्यांना मामाजी. आत्याबाई कमी बोलायच्या आणि एकदा बोलल्या की ते पुसता येत नसे.

"मारुतीचे रोडगे होऊ दे," त्या म्हणाल्या. "यंदा खीर तू कर. साऱ्या गावासमोर नीट पार पडली तं मंग पाहू अकोल्याचं."

कापसाचा पहिला वेचा घरी आला की मार्गशीर्षात मारुतीच्या पारापुढे रोडगे करायची आमच्या गावची रीत. रोडगे भाजायचे ते पुरुषांनी. गोवऱ्यांचा आर करायचा, त्यात कणकेचे तेल लावून घडी घातलेले गोळे पुरायचे, वरून गरम राख ओढायची. भट्टीचा कारभार मामाजींकडे असे आणि त्या दिवशी त्यांच्या मिशांना जरा जास्तच पीळ असे. वांग्याची भाजी आणि खीर बायकांकडे. खिरीसाठी गावातल्या प्रत्येक घरातून जमेल तेवढं दूध आलं होतं. कोणी तांब्या, कोणी नुसती वाटी. एका म्हातारीने तर नातवाच्या वाट्यातलं अर्धं आणून ओतलं आणि मला बजावलं, "सांडू नको वं."

सांडलं नाही मी.

खीर मला येत होती. माहेरी माझे वडील कापसाच्या गाड्या हाकत, अकोल्याच्या बाजारातून घरी खडीसाखर येई, आणि माय मला साखरेचीच खीर शिकवून बसली होती. साखर उकळत्या दुधात घातली तरी दूध बिचारं काही म्हणत नाही. वलगावात गूळ. चुलीवर दूध छान उसळत होतं, माझ्या डोक्यात भावाच्या लग्नाची हळद चालली होती, आणि मी गुळाची ढेप फोडून सरळ त्यात लोटली.

थोडा वेळ काही झालं नाही. मग पातेल्याच्या कडेला पाणी सुटलं. मग मधे गाठी आल्या. मी डाव फिरवला तशा त्या वाढल्या. अख्ख्या गावाचं दूध माझ्या डोळ्यांदेखत फाटलं.

आमच्याकडे दूध नासणं म्हणजे साधं नुकसान नाही. हाताने दूध नासवणं पाप समजतात. देवाच्या दिवशी, तेही घरोघरचं मागून आणलेलं! आधी वाटलं, उकिरड्यावर ओतून यावं आणि मांजराचं नाव सांगावं. पण त्या म्हातारीची वाटी आठवली आणि हात उचलेना. मी एक धुतलेलं पातळ घेतलं, त्यात सगळं गाळलं, पाणी म्हशीपुढे ठेवलं. मागे राहिला तो चोथा गाठोड्यात बांधून पाट्याखाली दाबला. असं का केलं, विचाराल तर मला सांगता येणार नाही. टाकवत नव्हतं एवढंच.

तासाभराने सोडून पाहिलं तर गोळा चांगला घट्ट झालेला, गुळाने पिवळसर, आणि चवीला गोड. मी त्यात वेलची आणि भाजलेले तीळ घातले. देवाच्या नैवेद्याचे पाच रोडगे वेगळे साधे ठेवले, तेवढी अक्कल शिल्लक होती. बाकीच्या गोळ्यांमध्ये अंगठ्याने खळगा करून चोथा भरायला बसले.

तेवढ्यात मामाजी गोळे न्यायला आले.

"काय भरून रायली वं त्याच्यात?"

मी जी रडायला लागले ती थांबेना. रडत रडतच सगळं सांगितलं. गूळ, दूध, अकोला, सगळं एका दमात. मामाजींनी एक चिमूट उचलून तोंडात टाकली. मग दुसरी. तिसरी उचलली तेव्हा मला जरा धीर आला.

"बरं लागते," ते म्हणाले. "भर. तोंडं घट्ट मिटव, नाईतं आरात फुटतीन."

"अन् आत्याबाई?"

मामाजींच्या मिशा जरा खाली आल्या. "तिले मी नाई सांगत," ते म्हणाले. "तूच सांगजो. पण जेवण झाल्यावर सांगजो."

गावात कोणालाही न भिणारा हा माणूस कोणाला भितो ते मला तेव्हा कळलं.

नैवेद्य झाला, पंगत बसली. पत्रावळींवर भाजी आली, राख झटकलेले रोडगे आले. आत्याबाईंनी इकडे तिकडे पाहिलं आणि विचारलं, "खीर कुठी हाय?"

मी भाजीच्या पातेल्याआड झाले. मामाजी भट्टीपासून मोठ्याने ओरडले, "यंदा खीर रोडग्यात हाय! मोडून पाहा!"

लोकांनी मोडले. खरपूस पापुद्र्यांच्या आतून वाफ आली, तुपाची धार पडली. मग आणखी मागायला लागले. ती वाटीवाली म्हातारी दात नसताना दोन खाऊन तिसरा पदरात बांधत होती. मी मात्र आत्याबाईंकडे पाहत होते. त्यांनी पहिला घास घेतला, चावला, आणि मान वर करून माझ्याकडे पाहिलं. त्यांना कळलं होतं. मी मनातल्या मनात भावाच्या डोक्यावर इथूनच अक्षता टाकून मोकळी झाले.

भांडी घासताना त्या शेजारी येऊन बसल्या.

"गूळ उकळत्यात घातला?"

"हो."

"फेकून काहून नाई देल्लं?"

"साऱ्या गावाचं होतं, आत्याबाई."

त्यांनी पातेल्याच्या बुडाला राख लावली आणि बराच वेळ घासत राहिल्या. मग म्हणाल्या, "सकाळी कापसाची गाडी अकोल्याले जाऊन रायली. जाय तिच्यावर. अन् उरलेले रोडगे नेजो तुह्या मायले. पोरीनं काय केलं ते तिलेबी कळू दे."

मी कापसावर बसून माहेरी गेले. अंगभर तंतू, नाकात कापूस, आणि राणी असल्यासारखी खूश. मायने तिसऱ्या दिवसाचा तो रोडगा खाल्ला, सगळी हकीकत ऐकली आणि विचारलं, "सासू काय म्हणली?" मी म्हटलं, "काईच नाई. गाडीवर बसवून देल्लं." "मंग मले तुही काळजी नाई," माय म्हणाली.

पुढच्या मार्गशीर्षात पंचाईत झाली. गावाला तेच रोडगे पाहिजे होते. पण जाणूनबुजून दूध कोण नासवणार? आत्याबाई तर मुळीच नाहीत. त्यांनी विचार केला आणि मला चुलीपाशी बसवलं. "यंदाबी खीर तूच कर," म्हणाल्या, आणि भिंतीकडे तोंड करून वांगी चिरायला बसल्या. मी उकळत्या दुधात गूळ टाकला. "अगं बाई, चुकलं!" मी ओरडले. "धांदरटच हायेस," त्या मागे न वळता म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी मला अकोल्याची गाडी मिळाली. हे आमचं ठरूनच गेलं. दरवर्षी मी एकदा चुकायचं, एकदा बोलणी खायची आणि माहेरी जायचं. लढाई संपली, कापसाचा तोरा उतरला, ज्वारी परतली, म्हशी दुधावर आल्या, तरी माझी चूक काही सुधारली नाही.

एका वर्षी मात्र रोडग्यांच्या आधी तीनच दिवस माझा धाकटा मुलगा झाला. मी बाळंतिणीच्या खोलीत. चूल नाही, पार नाही, गाडी नाही. बाहेरून भट्टीचा वास येत होता आणि मी अकोल्याच्या आठवणीने भिंतीकडे तोंड करून पडले होते. यंदा रोडगे साधेच होणार हे मला ठाऊक होतं.

दुपारी आत्याबाई आल्या. पदराखालून त्यांनी अर्धा रोडगा काढला. "पुरा नाई देत, बाळाले बाधन," म्हणाल्या. मी पाहिलं तर आत पिवळा चोथा, तीळ, वेलची.

"कोणाच्या हातून चुकलं?" मी विचारलं.

"चुकलं नाई कोणी," आत्याबाई म्हणाल्या. "मीच नासवलं. पाप असन तं माह्या डोक्यावर. तुले या साली गाडी नाई, मंग एवढं तं पायजे."

त्या माझ्यासमोर बसून राहिल्या. मी शेवटचा कण खाईपर्यंत उठल्या नाहीत. त्या वर्षी मला नंतर अकोल्याची आठवण आली नाही.