उंबऱ्यातली हाक

आमच्या वाचनालयाच्या वेबसाइटवर मी मोठ्या हौसेनं पुस्तकं शोधायची नवी सोय बसवली होती. विषय टाइप केला की पान तसंच राहून खाली पुस्तकांची यादी उमटायची. काल आमच्या सभासद सुनंदाताई ती वापरून बघायला बसल्या. त्यांना दिसत नाही. पडद्यावरचं सगळं कॉम्प्युटर त्यांना वाचून दाखवतो. ताईंनी ‘प्रवास’ टाइप केलं आणि कान देऊन थांबल्या. मला तर बारा पुस्तकं समोर दिसत होती, पण कॉम्प्युटर गप्प!

"एकही नाही का हो?" त्यांनी विचारलं.

मला एकदम त्यांचं घर आठवलं. तिथं शिरणारा प्रत्येक जण, अगदी त्यांचा नवरासुद्धा, उंबऱ्यातूनच "मी आलोय" म्हणतो. माझी यादी मात्र चोरपावलांनी आत आली होती. येणं आणि आल्याचं कळणं यांत केवढं अंतर असतं! मी तिथल्या तिथं वेबसाइट चालवणाऱ्या स्क्रिप्टमध्ये, यादी आली की तसं कॉम्प्युटरला बोलायला लावणाऱ्या दोन ओळी वाढवल्या. ताईंनी पुन्हा टाइप केलं, आणि आवाज आला : "बारा पुस्तकं सापडली."

मी आनंदानं टाळीच वाजवली. ताईही खुलून हसल्या, मग म्हणाल्या, "म्हणजे मघाशीही ती इथंच होती?"