कॅप्टन सबनीसांचं बीपी

पायलट जमले की विमानांबद्दल बोलतात, असा लोकांचा समज आहे. छे! आम्ही मेडिकलबद्दल बोलतो. दर सहा महिन्यांनी डॉक्टरांनी 'फिट' लिहिलं तर आकाशात, नाहीतर घरी. नव्या खासगी एअरलाइन्स आल्या, आम्ही गुडगावच्या नव्या सोसायट्यांत राहायला गेलो आणि या किश्श्यांचा ढीगच साचला.

*

आमच्या केळकरला चष्मा लागला. चष्मेवाल्या पायलटने जवळ जादा चष्मा बाळगायचाच, असा नियम. पठ्ठ्याने करोल बागेतून एकसारखे दोन करून घेतले आणि मेडिकलला गेला.

डॉक्टर म्हणाले, "चश्मा?"

"सर, ऑटो में रह गया."

"और दूसरा?"

"उसी पाउच में था, सर!"

*

कॅप्टन सबनीस आमच्यात सगळ्यात सीनियर. वादळातही विमान असं उतरवायचे, की झोपलेला पॅसेंजर जागा व्हायचा नाही. पण डॉक्टरांनी दंडाला पट्टा बांधला की यांचं बीपी भडकलंच! मागच्या खेपेला 'टेम्पररी अनफिट' होऊन महिनाभर घरी बसले होते. "मला दुसरं काही येतच नाही रे," असं मला म्हणाले, तेव्हा फार वाईट वाटलं.

*

पुढच्या मेडिकलआधी वहिनींनी मीठ, पापड, लोणचं बंद केलं आणि साहेब रोज आठ मजले जिना चढू लागले. सोसायटीत तेव्हा लाइट सारखी जायची. कॅप्टनसाहेब जिन्याने निघालेत म्हणजे लिफ्ट बंदच असणार, म्हणून सगळे त्यांच्यामागून चढायचे. चौथ्या दिवशी अरोरा आंटी धापा टाकत म्हणाल्या, "कॅप्टनसाब, ये लिफ्ट कब ठीक होगी?"

"लिफ्ट तो बिल्कुल ठीक है जी!"

*

मेडिकलला मी सोबत गेलो होतो. पहिल्यांदा बीपी जास्त. दुसऱ्यांदा आणखी जास्त! डॉक्टर म्हणाले, "दस मिनट बैठिए. आख़िरी बार देखेंगे." साहेबांचा चेहरा उतरला.

त्यांना जरा बरं वाटावं म्हणून डॉक्टरच बोलू लागले. भाचीच्या लग्नाला उद्या सकाळी पुण्याला जायचंय, तेही पहिल्यांदाच विमानाने, आणि भीतीने घास उतरत नाहीये. झालं! साहेब एकदम कॅप्टन झाले. हादरे का बसतात, पंख का हलतात, सगळं शांतपणे समजावत राहिले. डॉक्टरांनी ऐकता ऐकता पट्टा बांधला, फुगवला, सोडला. एकशेवीस-ऐंशी!

"फिट!" डॉक्टरांनी शिक्का उचलला. "बड़ी तसल्ली हुई आपसे बात करके. वैसे, कल सुबह वो पुणेवाली फ्लाइट ले कौन जा रहा है?"

साहेब हसून म्हणाले, "आप साइन करेंगे, तो मैं ही."

शिक्का हवेतच थांबला. डॉक्टरांनी पट्टा पुन्हा जवळ ओढला.

"हाथ दीजिए. एक बार और देख लेते हैं!"